सड्यावरची तळी आटू द्या

संपादक महोदय,

एप्रिल उजाडला की वृत्तपत्रांत एक छायाचित्र हमखास येते. भेगाळलेला तळ्याचा तळ, मागे पिवळे गवत आणि खाली ओळ : 'वन्यजीवांची पाण्यासाठी वणवण'. त्यापाठोपाठ मदतीचा ओघ सुरू होतो. कोणी टँकर देतो, कोणी जेसीबीचे डिझेल, कोणी प्लास्टिकचा कागद. हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. पण ते तळे सह्याद्रीच्या माथ्यावरच्या सड्याचे असेल, म्हणजे कासचे, कोयना-चांदोलीच्या जंगलातले, राधानगरीच्या सावराई सड्यावरचे किंवा आंबोलीचे, तर त्याचे आटणे ही आपत्ती मानायचे कारण नाही. ते दरवर्षी आटते म्हणूनच त्यातली जीवसृष्टी टिकून आहे. ते बारमाही केले की ती संपते. हे कसे घडते ते जरा तपशिलाने लिहीत आहोत, कारण पाऊस तोंडावर आल्यावर 'पाणवठे खोलीकरणा'ची कामे उरकण्याची घाई सगळीकडेच होते.

सडा म्हणजे जांभ्याचे उघडे पठार. वरचा थर कडक, लोहाने बांधलेला. त्याखाली जांभा मऊ होत जातो आणि आणखी खाली तर हाताने कुस्करता येईल इतका मातकट लागतो. वरच्या कवचात जिथे खोलगट भाग आहे तिथे पाणी साचते. या तळ्यांना खालून पुरवठा करणारा झरा नसतो. आभाळातून पडले आणि भोवतालच्या कातळावरून वाहत आले तेवढेच पाणी. म्हणून आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळूनही तिथल्या सड्यावरची बहुतेक तळी दिवाळीनंतर खपाटीला जातात. बोटभर खोल खळगे पावसाने आठवडाभर उघडीप दिली तरी कोरडे पडतात. घोटाभर पाण्याची डबकी पाऊस सरेपर्यंत तग धरतात आणि गुडघाभर खोलीची तळी डिसेंबरच्या आसपास पोचतात. एकाच सड्यावर ही सगळी मापे शेजारी शेजारी असतात आणि प्रत्येक मापाचा भाडेकरू वेगळा असतो. 'एवढी डबकी कशाला, चार मिळून एक मोठे तळे करू' हा विचार म्हणूनच घातक आहे.

पहिला भाडेकरू उन्हाळ्यात डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. तळ्याच्या सुक्या मातीत फेअरी श्रिंप या कोळंबीच्या दूरच्या नातलगाची अंडी पडलेली असतात. अंडे म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटरचा जाड कवचाचा दाणा, आतला गर्भ वाढता वाढता मध्येच थांबलेला. कडक ऊन आणि ओळीने काही वर्षांचा कोरडेपणा तो सोसतो. पाणी आले की दोन-तीन दिवसांत काही अंडी फुटतात, सगळी मात्र फुटत नाहीत. काही पुढच्या भिजण्यासाठी राखून ठेवलेली, काही त्याच्याही पुढच्या. सगळे बियाणे पहिल्या पावसावर न पेरणाऱ्या शहाण्या शेतकऱ्यासारखी ही रीत आहे. एखादा वळीव फसवून गेला तरी घराणे बुडत नाही. दोन-तीन आठवड्यांत प्राणी वयात येतो. जुलैमध्ये चहाच्या गाळणीने अलगद उचलून पांढऱ्या ताटलीत सोडला तर बोटाच्या पेराहून लहान, काचेसारखा आरपार दिसणारा जीव पोट वर करून पोहताना दिसेल. पायांच्या अकरा जोड्या आणि त्यांची एकामागून एक अखंड चाललेली लाट. पोहणे, श्वास घेणे आणि पाण्यातले शेवाळाचे कण गाळून खाणे, तिन्ही कामे याच पायांची. मादीच्या पायांमागे अंड्यांची पिशवी लोंबते. याच कुळातली एक जात २०१४ मध्ये विज्ञानाला नवी म्हणून नोंदवली गेली. तिचे नावच स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रीएन्सिस असे आहे.

दुसरे भाडेकरू भेक. कोयना भेकाची शास्त्रीय नोंद १९६३ची, आंबोलीच्या भेकाची २००९ची. दोघेही सह्याद्रीच्या या उत्तरेकडच्या पट्ट्याबाहेर सापडत नाहीत. मृगाचे पहिले सणसणीत पाऊस झाले की त्यांचा विणीचा काळ सुरू होतो आणि अंडी घातली जातात ती कातळावरच्या उथळ, कधी कधी बोट बुडेल न बुडेल अशा पाण्यात. बघणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो, कारण पावसाने ओढ दिली तर पिल्ले सुकून जाणार. पण हिशेब उलटा आहे. उथळ पाणी उघडिपीच्या दुपारी चटकन तापते, कातळावर शेवाळ धरते आणि शेपटीवाली पिल्ले झपाट्याने वाढून पायांवर येतात. शिवाय इतक्या कमी पाण्यात आणि इतक्या थोड्या दिवसांत पाणभुंग्यांच्या आणि चतुरांच्या अळ्या वाढत नाहीत. पिल्लांना खाणारे हेच. आपण 'पिल्ले वाचावीत' म्हणून खळगा वीतभर खोल केला की पाणी थंड राहते, वाढ रेंगाळते, अळ्या पोसतात आणि त्यांच्या मागोमाग दिवडही येते.

वनस्पतींचे तर पट्टेच पडलेले असतात. मधल्या खोल पाण्यात कंदावर उन्हाळा काढणारा वायतुरा, इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला त्याचा तुरा पाण्याबाहेर काढून उभा. कासच्या कुमुदिनी तळ्यासारख्या ठिकाणी पांढरी कुमुदिनी. कडेच्या चिखलात गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या आणि त्याबाहेर नुसत्या ओलसर कातळावर सीतेची आसवे आणि दवबिंदू. नायट्रोजन जवळजवळ नसलेल्या या जागी टिकायचे म्हणून शेवटच्या दोघी किडे पकडून खातात. पाणी ओसरत जाते तसे हे पट्टे आत सरकतात. पावसाळ्यानंतर सांडव्याच्या खाचेत माती भरलेली पोती रचून वनराई बंधारा घातला आणि पातळी वीतभर वर नेली की बाहेरचा पट्टा बुडून कुजतो. बुडणारी जागा कागदावर 'पडीक कातळ' असते, म्हणून तिची नोंद कुठे होत नाही.

या सगळ्यांना बांधणारी एक गोष्ट आहे. या तळ्यांत मासे नसतात, आटणाऱ्या तळ्यात ते टिकूच शकत नाहीत. उलटे पोहणारी फेअरी श्रिंप माशाच्या तोंडी आयता घास आहे. तिच्याकडे ना काटा, ना विष, ना पळण्याचा वेग. मासा नसलेले पाणी हीच तिची तटबंदी. भटकंतीसाठी प्रसिद्ध असलेला पँटाला हा पिवळसर चतुरही याच कारणासाठी अशी ताजी, तात्पुरती डबकी हेरून अंडी घालतो. त्याच्या अळ्या साधारण दीड-दोन महिन्यांत पंख फोडून निघतात आणि पावसाळा संपताना वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या वाटेला लागतात.

आता मदतीकडे वळू. जेसीबीचा दात कवच फोडतो, हा पहिला आणि न भरून येणारा तोटा. कवचाखालच्या मऊ थरात भेगा-पोकळ्या असतात. त्या उघड्या पडल्या की आधी डिसेंबरपर्यंत टिकणारे तळे ऑक्टोबरातच गळून जाते. मग 'पाणी थांबत नाही' म्हणून शेततळ्यासारखा ५०० मायक्रॉनचा कागद अंथरतात. त्या कागदाखाली अंड्यांची आणि कंदांची सगळी पेढी कायमची गाडली जाते. शिवाय कागदाचा निसरडा उभा उतार. पाणी प्यायला उतरलेले कोल्हे, ससे, गव्याची वासरे परत वर चढू शकत नाहीत. शेततळ्यांत बुडून मेलेल्या जनावरांच्या बातम्या आपल्याच पानांवर येतात. तोच सापळा अभयारण्याच्या आत मांडायचा का?

ज्यांना खणायचे नसते ते 'निदान गाळ तरी काढू' म्हणतात. धरणातला किंवा भंडारा-गोंदियातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावातला गाळ काढणे योग्यच, तिथे तो बाहेरून वाहून आलेला असतो आणि शेताला खत म्हणून जातो. सड्यावरच्या तळ्यातला चार बोटे गाळ म्हणजे मात्र त्या तळ्याची तिजोरी. अंड्यांचा बहुतेक साठा वरच्या काही सेंटिमीटरांतच असतो. फावड्याचा एक हात फिरला की कित्येक वर्षांची शिल्लक पाटीत. तो ढीग कडेला टाकला तर पहिल्या पावसात पुन्हा तळ्यात येतो आणि पाणी गढूळ करतो. उचलून नेला तर गेलाच. गढूळ पाण्यात शेवाळाला उजेड मिळत नाही, म्हणजे गाळून खाणाऱ्यांची ताटे रिकामी.

टँकरचा हिशेब बहुतेकांच्या डोक्यात नसतो, म्हणून आकडे देतो. वीस मीटर लांब, बारा मीटर रुंद असे लंबगोल तळे धरा. क्षेत्रफळ साधारण १९० चौरस मीटर. सड्यावरची तळी परातीसारखी सपाट तळाची असतात. दहा हजार लिटरचा टँकर त्यात ओतला तर पाणी जेमतेम ५ सेंटिमीटर चढेल आणि त्यातलेही काही तापलेली, भेगाळलेली माती आधीच पिऊन टाकेल. एप्रिल-मेमध्ये उघड्या पठारावर वाऱ्या-उन्हाने दिवसाला साधारण ७-८ मिलिमीटर पाणी उडते. म्हणजे टँकर आठवडाभर पुरला तरी नशीब. पण भिजल्याची खूण मिळताच मातीतली काही अंडी फुटतात. प्राणी वयात यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि पाणी आठवड्यातच संपते. ती अख्खी पिढी अंडे न घालता मरते. एखाद्या वर्षी हे चालून जाईल, राखीव अंडी असतात. दर पंधरा दिवसांनी टँकर रिकामा करत चार उन्हाळे काढले तर पेढी दिवाळखोरीत जाते. टँकरचे पाणी विहिरीचे, म्हणजे क्षारांचे. सड्यावरचे पाणी पावसाचे, जवळजवळ क्षारविरहित. दोन्हींत वाढणारे शेवाळही वेगळे.

माशांबद्दल थोडक्यात. डासांवर उपाय म्हणून गप्पी आणि गॅम्बुसिया डबक्यांत सोडण्याची सवय आरोग्य मोहिमांतून आली. गॅम्बुसिया १९२८ मध्ये इटलीहून आपल्याकडे आणला गेला, गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेचा. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास घरातल्या कूलरमध्ये, टाक्यांत, टायरांत वाढतो, पठारावरच्या उघड्या तळ्याशी त्याचा संबंध नाही. आणि सड्याच्या तळ्यात डासांच्या अळ्यांचा फडशा पाडायला पाठीवर पोहणारे पाणकिडे, भुंग्यांच्या आणि चतुरांच्या अळ्या मुळातच असतात. मासे सोडले तर आधी हे पहारेकरी खाल्ले जातात. एरवी आटण्याने मासे आपोआप मरतात, हा दिलासा. पण खोदलेल्या, कागद लावलेल्या तळ्यात ते उन्हाळा काढतात आणि मग सुटका नाही. बारमाही झालेल्या पाण्याच्या कडेने दोन-तीन वर्षांत पाणकणीस आणि बेशरम उगवते. मग ते काढायला पुन्हा जेसीबी.

'पण जनावरांनी प्यायचे काय?' हा प्रश्न रास्त आहे. विदर्भातल्या पानझडी जंगलात किंवा नान्नजसारख्या माळरानावर त्याचे उत्तर वेगळे असेल, आम्ही बोलतो आहोत ते सह्याद्रीच्या माथ्याबद्दल. इथे दऱ्यांत ओढे आहेत, कोंडी आहेत, कोयनेचा शिवसागर, चांदोलीचा वसंतसागर आणि राधानगरीचा लक्ष्मी तलाव आहे. गवे पावसाळ्यात आणि नंतर काही काळ सड्यावरच्या कोवळ्या गवतासाठी वर येतात, पाणी आटले की खाली जंगलात उतरतात. या चढउतारामुळे सड्यावरच्या गवताला आणि मातीला उसंत मिळते. वर बारमाही पाणी ठेवले तर कळप वरच थांबतो, तळ्याभोवतीची माती खुरांनी मळली जाते, शेण-मूत साचते आणि पोषणद्रव्ये वाढली की किडे खाणाऱ्या नाजूक वनस्पतींना दांडगे गवत हुसकावून लावते. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानाने हा धडा महागात घेतला. कूपनलिका खोदून शेकडो कृत्रिम पाणवठे केले. कोरड्या भागात पूर्वी न राहणारे झेब्रे आणि वाइल्डबीस्ट तिथे ठाण मांडू लागले, त्यांच्यामागे सिंह आले आणि त्या भागातल्या दुर्मिळ रोन हरणांची संख्या कोसळली. १९९०च्या दशकापासून त्यांनी त्यातले बरेच पाणवठे बंद केले.

तरीही एखाद्या ठिकाणी पाणी द्यायचेच ठरले, तर ते तळ्याच्या खोलगटात नको. जंगलाच्या कडेला, कोणत्याही हंगामी तळ्यापासून किमान अर्धा किलोमीटर दूर आणि त्याच्या पाणलोटाबाहेर स्वतंत्र बशीसारखा पाणवठा करावा. किमान दोन बाजूंना फूटभर उंचीला चार-पाच फूट लांबीचा खडबडीत उतार द्यावा. म्हणजे लहान पिल्लूही चढून येते आणि तळी आपल्या चालीने आटतात.

चराईचा मुद्दा मात्र इतका सरळ नाही आणि आमच्यातही त्यावर मतभेद आहेत. गावची चार जनावरे सड्यावर फिरली तर गवत उंच वाढत नाही, लहान फुलझाडांना ऊन मिळते, खुरांना चिकटून अंडी एका डबक्यातून दुसऱ्यात जातात. कॅलिफोर्नियातल्या अशाच हंगामी तळ्यांवर चराई बंद केली तेव्हा माजलेल्या गवताने पाणी शोषले आणि तळी लवकर आटू लागली. म्हणून सरसकट कुंपण हा उपाय आम्हाला पटत नाही. पण 'थोडी' म्हणजे किती, हे प्रत्येक सड्यावर मोजूनच ठरवावे लागेल.

कायद्याने काय हाती दिले आहे तेही पाहू. देशातल्या २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांची उपग्रहावरून यादी झाली आणि त्या जपण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिले. वर हिशेबाला घेतलेल्या तळ्यासारखी सुमारे १२० तळी एकत्र केली तेव्हा कुठे २.२५ हेक्टर भरतात, म्हणजे सड्यावरचे एकही तळे त्या यादीत यायचे नाही. २०१७च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येत 'तात्पुरत्या' पाणथळ जागा आहेत, पण वन कायदा आणि वन्यजीव कायद्याखालच्या क्षेत्रांना ते नियम लागूच होत नाहीत. राहिला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२. त्याचे कलम २९ स्पष्ट आहे. अभयारण्यातला अधिवास बिघडवणे किंवा अभयारण्यात येणारा-जाणारा पाण्याचा प्रवाह वळवणे, अडवणे, वाढवणे हे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय करता येत नाही. आणि परवाना केवळ वन्यजीवांच्या भल्यासाठी आणि चांगल्या व्यवस्थापनासाठीच देता येतो. राष्ट्रीय उद्यानांसाठी कलम ३५(६) तेच सांगते. तेव्हा देणगीतून आलेला जेसीबी सड्यावर चढवण्याआधी 'भले नेमके कोणाचे?' हे लेखी विचारण्याची सोय कायद्यातच आहे. पाणथळ जागांसाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या सदस्य देशांनी २००२ मध्ये तात्पुरत्या तळ्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शन मंजूर केले आहे. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चारही स्थळे २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. व्यवस्थापन आराखड्यात हंगामी तळ्यांचे पान घालायला आणखी कोणते निमित्त हवे?

ते पान भरायचे तर आधी तळी मोजावी लागतील, आणि तीही पायी. मोफत मिळणाऱ्या सेंटिनेल-२ उपग्रहचित्रांतला एक ठिपका १० मीटरचा. त्यात पाच-सहा मीटरचे डबके दिसत नाही, आणि जून ते सप्टेंबर वर ढगच असतात. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात वनरक्षक, गावातले माहीतगार आणि जवळच्या महाविद्यालयाचे विद्यार्थी यांनी सडा पट्ट्यापट्ट्याने चालून प्रत्येक तळ्याची जीपीएस नोंद घ्यावी, लांबी-रुंदी टेपने मोजावी. सर्वांत खोल जागी सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी दगडांच्या आधाराने उभी करावी, कातळात खिळा किंवा पहार मारू नये. दर दहा दिवसांनी काठीवरचा आकडा टिपावा आणि एकाच जागेवरून एकाच दिशेने फोटो घ्यावा. पहिल्यांदा भरल्याची तारीख, मध्ये कितीदा आटून पुन्हा भरले आणि शेवटचे आटल्याची तारीख, ही नोंद तीन वर्षे ठेवली की कोणते तळे किती दिवस पाणी धरते हे कळते. पुढचा प्रत्येक निर्णय याच आकड्यावर घ्यायचा आहे. नोंदवहीत हे नसेल तर 'तळे लवकर आटू लागले' ही तक्रार खरी की खोटी हेही सांगता येत नाही.

तळ्यात उतरण्याचे पथ्य पाळावे. एका सड्यावरचे बूट दुसऱ्या सड्यावर जाण्याआधी तळ्यापासून दूर धुऊन पूर्ण वाळवावेत. पावसाळ्यात वाळत नाहीत, म्हणून दोन जोड ठेवावेत. बेडकांच्या कातडीचा बुरशीरोग चिखलातून आणि पाण्यातून पसरतो आणि तो पश्चिम घाटात पोचलेला आहे.

तळ्याची पेढी शाबूत आहे का, हे उन्हाळ्यातही तपासता येते. परवानगी घेऊन तळ्यातल्या पाच जागांवरून वरची दोन सेंटिमीटर सुकी माती एक-एक चमचा घ्या. पांढऱ्या ट्रेमध्ये ती पसरून साठवलेले पावसाचे पाणी किंवा आरओचे पाणी चार बोटे ओता. नळाचे पाणी नको, क्लोरीन पिल्लांना मारते. विहिरीचेही नको, क्षारांमुळे बरीच अंडी फुटत नाहीत. ट्रे उजेडात, पण थेट उन्हापासून दूर ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भिंगातून झटके देत पोहणारे ठिपके दिसले की साठा जिवंत आहे. नाही दिसले तर लगेच मृत्युपत्र लिहू नका. माती पुन्हा पूर्ण वाळवा, दोन आठवडे ठेवा, पुन्हा भिजवा. पहिल्या भिजण्याला न फुटणारी अंडी दुसऱ्याला फुटतात.

जी तळी आधीच खोदली गेली आहेत त्यांचे काय? उपसलेला जांभा आणि माती शेजारी पडून असेल तर तीच उलट्या क्रमाने परत भरावी. आधी दगड, मग मुरूम, वर मूळ माती. सिमेंट नको, त्याचा चुना या मऊ पाण्याचा स्वभाव पालटून टाकतो. कागद असेल तर तो पाणी संपल्यावर पूर्ण उचलावा. नुसता फाडून ठेवला तर तुकडे जनावरांच्या पोटात जातात. मासे असतील तर फेब्रुवारीत उरलेले पाणी उपसून जाळीने काढावेत. ब्लीचिंग पावडर किंवा विष टाकू नये, त्याने माशांआधी बाकी सगळे मरते. पेढी रिकामी झाल्याची खात्री पटली तरच त्याच सड्यावरच्या जवळच्या निरोगी तळ्यातली घमेलाभर सुकी माती आणून पसरावी. दुसऱ्या सड्यावरची मुळीच नको. साताऱ्याच्या पठारावरचे जीव आंबोलीत नेऊन सोडणे म्हणजे पाहुणे सोडण्याचाच प्रकार झाला.

गाड्यांच्या चाकोऱ्यांचा उपद्रव कोणी फारसा मोजत नाही. ओल्या सड्यावर जीप एकदा गेली की मातीत वीतभर खोल दोन चर पडतात. उतार असेल तर तेच तळ्याचा सांडवा बनतात. तळ्याची कड फुटते आणि गुडघाभर पाणी घोटाभर उरते. दोन तळी चराने जोडली गेली की आटण्याचे वेगवेगळे वेळापत्रक एक होते आणि त्यातला एक भाडेकरू जातो. गस्तीच्या गाड्याही याला अपवाद नाहीत. तळ्याच्या भरलेल्या कडेपासून ५० मीटरच्या आत चाक जाऊ नये. त्यासाठी फलकापेक्षा वाटेवर आडवे टाकलेले जांभ्याचे चार मोठे दगड जास्त कामाचे.

यंदा मृग लागायला थोडेच दिवस उरले आहेत. जेसीबीची भाडी ठरली असतील तर ती रद्द करून तोच पैसा रोजंदारीकडे वळवावा. दहा माणसे घमेली-फावडी घेऊन चार दिवसांत एका सड्यावरच्या चाकोऱ्या स्थानिक मुरुमाने भरून धुमसाने ठोकू शकतात, फुटलेल्या कडा जांभ्याच्या चिपांनी बुजवू शकतात. हे काम माती सुकी असतानाच होते. पहिला पाऊस पडल्यावर या कामासाठी सड्यावर कोणी पाऊल ठेवू नये, कारण तेव्हा कातळावरच्या बोटभर पाण्यात भेकांची अंडी असतात आणि ती वरून दिसत नाहीत.

आपले,
सह्याद्रीच्या सड्यांवरील पाणथळींचे काही अभ्यासक
सातारा, कोल्हापूर व सावंतवाडी